स्कॅन झालेले दप्तर

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत जुन्या कागदांचा एक मोठा शोध सुरू झाला. कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि वर्षानुवर्षे फारसे कोणी न फिरकलेले अभिलेख कक्ष उघडले गेले. खासरा पत्रे, पाहणी पत्रके, क-पत्रके, कूळ नोंदवह्या, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेश निर्गम रजिस्टरे, असे बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, उघडून एकेक पान तपासले जाऊ लागले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. सापडलेली पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली गेली. या शोधामागच्या, मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याच्या मागणीविषयी भरपूर बोलले आणि लिहिले गेले आहे. तो या लेखाचा विषय नाही. मी ज्या कामात आहे त्या कामाच्या बाजूने या सगळ्याकडे पाहत होते, आणि मला त्यात एका अख्ख्या प्रदेशाच्या दप्तराची परीक्षा दिसत होती. कागद होते, त्यांतले पुष्कळसे निगुतीने बांधून ठेवलेलेही होते. पण कोणत्या पानावर कोणाचे नाव आहे हे सांगणारी सूची नसेल, तर जपलेला कागदसुद्धा माणसे बसवून पहिल्यापासून वाचावा लागतो.

मी वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दस्तऐवज नियंत्रणाचे काम पाहते आणि माझे माहेर जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले आहे. कारखान्यात संगणकीय दस्तऐवज व्यवस्था माझ्याकडे आहे. गावाकडच्या जमिनीच्या कामासाठी मात्र मलाही घरच्या माणसांसोबत खिडकीबाहेरच्या रांगेत उभे राहावे लागते. व्यवस्थेच्या या दोन्ही बाजू पाहिल्यामुळे माझे एक मत पक्के झाले आहे. कागद संगणकात गेला म्हणून संस्थेचे काम आपोआप वेगाने होऊ लागत नाही. कागद कशाचा आहे, कोणाचा आहे, कोणत्या तारखेचा आहे आणि तो आजही लागू आहे की रद्द झालेला आहे, या चार प्रश्नांची उत्तरे कोणीतरी आधी बसून लिहून ठेवलेली असतात, आणि त्या लिहिण्यामुळे वेग येतो. या लिहिण्याला आपल्याकडच्या बहुतेक योजनांमध्ये ना पुरेसा वेळ दिलेला असतो ना पैसा.

आधी कारखान्याविषयी सांगते, कारण तिथे परिणाम लवकर दिसतात. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची मोठी वस्ती या भागात उभी राहिली. अशा कारखान्यांना गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ ९००१ आणि वाहन उद्योगासाठीचे आयएटीएफ १६९४९ ही मानके पाळावी लागतात. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत कागदपत्रांसाठी ७.५ हे स्वतंत्र कलम आहे. त्याचा गाभा साध्या शब्दांत सांगायचा तर असा: ज्या जागी आणि ज्या वेळी कागद लागतो तिथे तो योग्य स्वरूपात मिळाला पाहिजे, त्यात झालेला बदल कळला पाहिजे, आणि त्याचे रक्षण झाले पाहिजे. वाचायला हे किरकोळ वाटते. शॉप फ्लोअरवर ते पाळणे किती कठीण असते हे मी जवळून पाहिले आहे.

एका भागाच्या भोकाचा व्यास ग्राहकाने थोडा वाढवला. नवे ड्रॉइंग आले, त्याच्या कोपऱ्यातल्या रकान्यात आवृत्तीचा पुढचा क्रमांक पडला, जुनी प्रत परत घेतल्याची रजिस्टरमध्ये सही झाली. पण मशीनवर काम करणाऱ्या दादांनी तेलाचे डाग पडू नयेत म्हणून जुन्या ड्रॉइंगची एक प्रत लॅमिनेट करून मशीनच्या बाजूला टांगली होती, आणि ती कोणत्याच रजिस्टरमध्ये नव्हती. रात्रपाळीने त्या प्रतीवरून माल काढला. सकाळी तपासणीच्या टेबलावर भोकाचे माप तपासायचा नवा गेज आत जाईना. एक भाग पाहिला, दुसरा पाहिला, मग ट्रेच बाजूला काढून ठेवला. दादा हातातली लॅमिनेट केलेली प्रत दाखवत पुन्हा पुन्हा सांगत होते, "मॅडम, यावर लिहिलंय तसंच काढलंय." त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. माणूस चोख, मशीन चोख, माल मात्र पुन्हा मशीनवर चढवावा लागला, आणि पाठवणीची वेळ टळली.

आता मशीनजवळच्या पडद्यावर भागाचा क्रमांक टाकला की एकच ड्रॉइंग उघडते, सध्या लागू असलेले. नव्या आवृत्तीला मंजुरी मिळते त्याच क्षणी जुनी आवृत्ती पडद्यावरून जाते. ती नष्ट होत नाही, कधी कोणी काय बदलले हे पाहण्यासाठी मागे साठवलेली राहते, पण कामाच्या जागी दिसत नाही. ड्रॉइंग तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशी तीन माणसांची साखळी व्यवस्थेतच बांधलेली आहे, त्यामुळे मंजुरी देणारे साहेब पुण्याला गेले आहेत म्हणून कागद ट्रेमध्ये पडून राहत नाही. ऑडिटच्या आधी फायली जमवण्यासाठी सगळा विभाग रात्री उशिरापर्यंत थांबत असे, ते थांबणे बंद झाले. कागदाचा खर्चही वाचला, पण तो मला फार महत्त्वाचा वाटत नाही. खरा फायदा झाला तो भांडणे कमी होण्यात. "तुम्ही मला कळवलेच नाही" हे वाक्य उत्पादन आणि गुणवत्ता या दोन विभागांत पूर्वी नित्य ऐकू येत असे. आता कोणाला काय आणि केव्हा कळवले हे कोणालाही उघडून पाहता येते.

हा फायदा पहिल्या वर्षी झाला नाही. सॉफ्टवेअर बसले, प्रशिक्षण झाले, आणि मग प्रत्येक विभागाने आपापल्या संगणकात होते ते सगळे उचलून त्यात ओतले. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन सही केलेले', 'सरांना दाखवलेले', अशा नावांच्या फायलींचा ढीग एका जागी जमा झाला. शोध घेतला की भाराभर उत्तरे येत आणि त्यातले खरे कोणते हे विचारायला पुन्हा फोनच करावा लागे. व्यवस्थापनाला वाटू लागले की पैसे वाया गेले. त्यानंतर आम्ही एकेका विभागाला घेऊन बसलो आणि नावे ठरवली: भागाचा क्रमांक आधी, मग कागदाचा प्रकार, मग आवृत्ती, मग तारीख. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा हे ठरवले. एकाच गोष्टीला स्टोअरमध्ये एक शब्द आणि खरेदी विभागात दुसरा शब्द होता, त्यांतला एक निवडला. या कामात आम्हाला सगळ्यांत मोठी मदत झाली ती स्टोअरच्या मामांची. संगणकाला हात लावायलाही ते बिचकत; पण त्यांच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरचे रकाने इतके विचारपूर्वक आखलेले होते की आमच्या व्यवस्थेतली अर्धी वर्गवारी आम्ही तिथून जशीच्या तशी उचलली. संगणकपूर्व काळातल्या शिस्तीला कमी लेखण्याची आपल्याला सवय लागली आहे, ती मला कधीच पटलेली नाही.

शासकीय कार्यालयांच्या बाबतीत तर ही शिस्त फार जुनी आहे. आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची जी घडी बसवली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली जाते. त्या वेळी कोणाच्या टेबलावर संगणक नव्हता. कोणाकडे कोणते काम, कोणती नोंदवही कोणी ठेवायची, अभिलेख कुठे आणि कसा लावायचा, येणाऱ्या माणसाला माहिती कुठे मिळणार, एवढेच लिहून ठरवले आणि ते पाळले. महसूल खात्यातल्या जुन्या कारकुनांना सहा गठ्ठा पद्धत तोंडपाठ असते: निर्णय व्हायची प्रकरणे एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, ठरावीक मुदतीची विवरणे तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षाकडे पाठवायची पाचव्यात आणि नष्ट करायची सहाव्यात. ही पद्धत जिथे मनापासून पाळली गेली तिथे टेबलावर नजर टाकताच कळे की काम कुठे अडकले आहे.

अभिलेखांची अ, ब, क-१, क आणि ड अशी वर्गवारीही याच परंपरेतली. 'अ' वर्गाचा कागद कायम जपायचा, 'ब' वर्गाचा ३० वर्षे, 'क-१' चा १० वर्षे, 'क' चा ५ वर्षे आणि 'ड' वर्गाचा एका वर्षानंतर नष्ट करायचा. स्कॅनिंगचे काम हाती घेताना आधी ही वर्गवारी झाली पाहिजे, कारण ती न करता सरसकट सगळे स्कॅन केले तर जे फेकायचे तेही कायमचे साठवले जाते आणि 'अ' वर्गाचे एक पान 'ड' वर्गाच्या शेकडो पानांमागे दडून बसते. कपाटात जागा संपते म्हणून निदान वर्षाकाठी एकदा कोणी तरी निंदणीला, म्हणजे नको ते कागद काढून टाकायला, बसते. डिस्कवर जागा संपत नाही, म्हणून निंदणी होतच नाही. पानांच्या संख्येवर पैसे मोजणाऱ्या कंत्राटात तर जितकी पाने जास्त तितके काम मोठे दिसते, त्यामुळे निवड करण्याची कोणाला निकडही वाटत नाही. स्कॅनिंगचे कंत्राट पानांवर न देता शोधता येणाऱ्या नोंदींवर द्यावे, असे मला फार वाटते.

हे का वाटते ते एका प्रसंगावरून सांगते. माझ्या चुलत्यांना, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, कूळ हक्काच्या एका जुन्या नोंदीची नक्कल हवी होती. निजामी राजवट संपल्यावर १९५० साली हैदराबाद राज्यात कुळवहिवाटीचा कायदा आला आणि मराठवाड्यातल्या अनेक घराण्यांच्या जमिनीचा इतिहास त्या काळच्या कूळ नोंदवह्यांत आहे. कार्यालयात त्या नोंदवह्या स्कॅन केलेल्या होत्या. तरुण कारकुनाने संगणकावर गावाचे नाव निवडले आणि विचारले, "मामा, सर्वे नंबर सांगा." तात्या म्हणाले, "साहेब, गट नंबर तोंडपाठ हाय. सर्वे नंबर आज्याच्या टायमाचा, तो मी कुठून सांगू?" कारकुनाने पाने उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पान म्हणजे नुसते चित्र, त्याला क्रमांकापलीकडे नाव नाही; काही पाने आडवी, काहींची कडा कापलेली. दहा-पंधरा मिनिटांनी तो थकला आणि त्याने आतल्या खोलीकडे हाक दिली.

आतून अभिलेख सांभाळणारे एक गृहस्थ आले. त्यांनी संगणकाकडे पाहिलेही नाही. तात्यांना विचारले, "शेताला काय म्हणत होते घरी?" तात्यांनी सांगितले, "वढ्याकाठचं, चिंचंचं." "शेजारी कोण?" त्यांनी शेजाऱ्याच्या घराण्याचे नाव सांगितले. गृहस्थ आत गेले आणि लाल रुमालात बांधलेला बस्ता घेऊन आले. गाठ सोडून त्यांनी दोन्ही हातांनी वही उघडली, कारण पानांच्या कडा तपकिरी होऊन तुटायला आल्या होत्या. अंगठ्याने पान न ओढता खालून तळहात घालून ते उलटत होते. शेजाऱ्याचे नाव आधी सापडले, मग त्याच्या वरच्या ओळीत माझ्या पणजोबांचे. नाव असे होते: पणजोबांचे नाव, 'वल्द' म्हणजे 'चा मुलगा', आणि त्यांच्या वडिलांचे नाव. आडनाव नाही. ते गृहस्थ एवढेच म्हणाले की त्या शिवाराच्या वह्या कोणत्या फळीवर आहेत हे त्यांना ठाऊक आहे.

त्या माणसाच्या डोक्यात जे होते ते संगणकात उतरवणे म्हणजे दस्तऐवज व्यवस्था. मराठवाड्यात हे काम इतर भागांपेक्षा कठीण आहे आणि त्याची कारणे इथल्या इतिहासात आहेत. ज्या गावांत जमीन एकत्रीकरण झाले तिथे सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून एका शेताला दोन पत्ते आहेत आणि दोन्ही नोंदवल्याशिवाय शोध लागत नाही. निजामकालीन कागदांवर फसली सन, म्हणजे तेव्हाचे महसुली साल, असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, आणि महिने आझर, दै, बहमन असे असतात. नोंदी भरणाऱ्या ज्या मुलाला हे कोणी सांगितले नाही तो १३५८ हे साल वाचून गोंधळेल, किंवा रकाना रिकामा सोडून पुढे जाईल. शिवाय जिल्ह्यांची फेररचना झाली. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून वेगळा झाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादमधून आणि हिंगोली १९९९ साली परभणीतून. अंबडचा १९५५ चा कागद म्हणून औरंगाबाद जिल्ह्याच्या नावाने असतो, आणि आता त्या जिल्ह्याचेही नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नाव कोणतेही टाकले तरी कागद सापडला पाहिजे, एवढी सोय ठेवायला तंत्रज्ञानाची काहीच अडचण नाही. जुनी आणि नवी नावे शेजारी शेजारी लिहून ठेवणारे कोणी तरी लागते.

सातबाऱ्याच्या बाबतीत आपल्या राज्याने जे साधले आहे ते खरोखर मोठे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. १५ रुपये भरले की उतारा हातात पडतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. एके काळी उताऱ्यासाठी तलाठी गावात कोणत्या वारी येतात याची चौकशी करावी लागे, ते चार गावांचे काम पाहणारे असत, आणि पीककर्जाच्या हंगामात बँकेची मुदत एकीकडे आणि तलाठ्यांची वाट एकीकडे अशी शेतकऱ्याची ओढाताण होई. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदीही ऑनलाइन झाल्या. नोंद घेतल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस आणि मग मंडळ अधिकाऱ्यांचे प्रमाणीकरण हा कायद्याचा क्रम तोच राहिला, पण आपले प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे घरबसल्या दिसू लागले.

या यशामागे जे काम झाले त्याची चर्चा कमी होते. हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना चुका झाल्या: क्षेत्राचे आकडे बदलले, नावातला काना-मात्रा हलला, एखादा वारस गळाला. म्हणून २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला उतारा गावासमोर वाचायचा, ज्याची चूक असेल त्याने उठून सांगायची. संगणकीय व्यवस्थेच्या कामात मी पाहिलेली ही सर्वांत शहाणपणाची रीत आहे, कारण नोंद बरोबर आहे की नाही हे ज्याची नोंद आहे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. तरीही ज्यांचे सुटले त्यांना जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलला अर्ज करावे लागले, आणि आजही लागतात. चूक कागदावर असते तेव्हा ती एका वहीत राहते. तीच व्यवस्थेत शिरली की बँक, पीक विमा, अनुदान अशा प्रत्येक ठिकाणी एकाच वेळी पोचते. गती वाढवणाऱ्या व्यवस्थेत दुरुस्तीची वाटही तितकीच गतिमान हवी, आणि तिथे आपण अजून मागे आहोत.

कार्यालयांच्या आतल्या कामासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ऑफिस ही प्रणाली आहे. टपाल आले की ते स्कॅन होऊन त्याला क्रमांक पडतो, नस्ती, म्हणजे फाइल, उघडते, टिपणी एका बाजूला आणि पत्रव्यवहार दुसऱ्या बाजूला राहतो, आणि नस्ती पुढे पाठवल्यावर लिहिलेली टिपणी बदलता येत नाही. कोणाकडे किती दिवस नस्ती थांबली हे तारखेसह दिसते. महाराष्ट्रात २००५ चा, दप्तर दिरंगाई कायदा या नावाने ओळखला जाणारा कायदा आहे. त्यानुसार साधारण नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. कागदी नस्तीच्या काळात ही मुदत सिद्ध करणे अवघड होते, कारण नस्ती नेमकी कोणाकडे होती यावरच वाद. ई-ऑफिसमध्ये तो वाद उरत नाही. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण ज्या लोकांनी अनुभवातून घडवली, त्यांच्या हाती यामुळे प्रथमच पुरावा येऊ शकतो, आणि माझ्या दृष्टीने या प्रणालीचे हेच सर्वांत मोठे मोल आहे.

पण पुष्कळ ठिकाणी नस्ती संगणकावर तयार होते, मग तिची प्रिंट काढली जाते, साहेब तीवर पेनाने सही करतात, आणि ती सही केलेली प्रिंट पुन्हा स्कॅन करून चढवली जाते. काम दुप्पट होते. कर्मचारी कुरकुरतात आणि त्यांचे बरोबर असते. दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालू ठेवणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे, आणि तो कनिष्ठ माणसांच्या आळसामुळे निवडला जातो असे म्हणणे अन्यायाचे आहे. वरच्या पातळीवरचा एक अधिकारी पडद्यावर वाचायला तयार नसेल तर खालच्या सगळ्यांना कागद चालूच ठेवावा लागतो. आमच्या कारखान्यातही मालकांनी स्वतःच्या केबिनमधला प्रिंटर काढून टाकला त्यानंतरच आमच्या व्यवस्थेचा पाय खऱ्या अर्थाने रोवला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालापासूनच इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि डिजिटल सहीला मान्यता दिलेली आहे. पेनाच्या सहीचा आग्रह कायद्याचा नसून सवयीचा आहे.

मराठीतल्या फायलींची एक वेगळी अडचण आहे, ती थोडक्यात सांगते. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, रूढ होण्यापूर्वी कार्यालयांत जे मराठी टंकलेखन झाले ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये, आणि त्या फायली आज उघडल्या तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे दिसतात. मजकूर तिथे आहे, पण शोधात येत नाही. अशा फायली वेळीच युनिकोडमध्ये आणल्या नाहीत, तर १९९० नंतरच्या दोन दशकांचा कागद निजामकालीन कागदापेक्षा दुर्बोध होईल, कारण मोडी वाचणारा निदान शिकवून तयार करता येतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन्ही बाजूंची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, माणसे गेली आणि असंख्य नस्त्या जळाल्या. त्यानंतर शासनात ई-ऑफिसची निकड सर्वांना पटली. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणी मागणारा सायबर हल्ला झाला आणि महामंडळाचे ऑनलाइन कामकाज ठप्प झाले. वाळूजसारख्या वसाहतीत भूखंडापासून पाण्याच्या बिलापर्यंत सगळी कामे याच महामंडळाशी असतात, त्यामुळे ती बातमी आमच्याकडे काळजीने वाचली गेली. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादची गावे कोसळली तेव्हा घरांसोबत पत्र्याच्या पेट्यांतले कागदही ढिगाऱ्यात गेले; पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि घर कोणाचे, वारस कोण, हे ठरवताना गावाबाहेर असलेल्या प्रतींना किती किंमत असते ते दिसले. प्रत दुसऱ्या जागी असली पाहिजे, आणि ती वेळोवेळी उघडून पाहिली पाहिजे. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला कधी ना कधी कळते.

राहिला प्रश्न कार्यक्षमता मोजायची कशी याचा. आमच्या कारखान्यात आम्ही ती आतून मोजतो: मंजुरीला किती वेळ लागला, चुकीच्या आवृत्तीमुळे किती माल परत आला. तिथे ते पुरते, कारण परिणाम आमच्याच खिशावर होतो. सार्वजनिक कार्यालयात तसे नाही. किती पाने स्कॅन झाली, किती नस्त्या ई-ऑफिसमध्ये आल्या, हे आकडे कार्यालयाच्या अहवालात येतात; तात्यांसारखा माणूस एसटीने येतो, दिवसाची मजुरी बुडवतो, 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे ऐकून परत जातो, हा खर्च कोणत्याच अहवालात येत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत बांधून दिली आणि मुदत टळली तर अपिलाची सोय केली, ही मोठी पायरी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत असे २००५ सालापासून लिहिलेले आहे. सूची हे कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे, आणि तरी स्कॅनिंगच्या योजनांत ते शेवटी येते.

माझी सूचना अगदी छोटी आहे. तात्यांच्या शेताच्या वह्या जाणणाऱ्या गृहस्थांसारखी माणसे दर वर्षी सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षात त्यांच्याकडून इतर सगळी कामे काढून घ्यावीत आणि एक तरुण कर्मचारी त्यांच्या शेजारी बसवावा. त्यांनी बस्ता सोडावा, पान वाचावे. त्याने गाव, जुना जिल्हा, सर्वे नंबर, गट नंबर, फसली सन, शेताचे घरगुती नाव आणि 'वल्द'सकट धारकाचे नाव त्या पानाच्या चित्रासमोर भरावे. मग त्या गावात जाऊन, चावडी वाचनात केले तसे, ती सूची मोठ्याने वाचावी. आणि नकलेच्या अर्जाच्या नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवावा: अर्जदार या कामासाठी कितव्यांदा आला. तो रकाना कर्मचाऱ्याने अर्जदारासमोर भरावा आणि दर महिन्याला त्याची बेरीज तहसीलदारांच्या टेबलावर जावी.